सरांच्या केबिनमधलं अ‍ॅसिडचं कपाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या ग्रामोदय शिक्षण संस्थेचे संस्थापक ईश्वरप्पा अण्णा. लातूरहून एवढ्या उन्हात जीपनं आलेले प्रमुख पाहुणे, शिक्षण खात्यातले साहेब. ज्यांच्यासाठी हा मंडप, हे तोरण आणि ही पेढ्यांची खोकी आहेत ते सत्कारमूर्ती, प्राचार्य बसवंत सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या जगदेवी वहिनी. समोरचे प्राध्यापक आणि पालक. आणि खुर्च्या संपल्यामुळं दाराशी उभे असलेले माझे शिक्षकेतर भाऊबंद, सगळ्यांना माझा नमस्कार. अण्णांना आपल्या लिंगायत रीतीनं हात जोडून वेगळा 'शरणार्थी'.

मी रेवणसिद्ध हुडगे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या धुणं, मुलांना अ‍ॅसिड मोजून देणं आणि नोंदवहीत सह्या करणं, अशी माझी तीन कामं. त्यातलं तिसरं काम मी सगळ्यात मन लावून केलं, ते पुढं कळेलच.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वतीनं दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. दोन म्हणजे दोनच, असंही सांगण्यात आलं. आतापर्यंत चार वक्ते झाले आणि चौघांनीही सरांना वटवृक्ष म्हटलं. यंदाच्या दुष्काळात एवढी झाडं एका जागी बघून डोळ्यांना गारवा वाटला. पण मी लहान माणूस आहे, मला झाडापर्यंत पोचता येणार नाही. मी एका कपाटाबद्दल बोलतो.

आपला जिल्हा नवा झाला, त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. तो आनंद तुम्हाला आठवत असेल. पाट्या नव्या, शिक्के नवे, पत्त्यातला जिल्हा नवा. आपल्या कॉलेजातसुद्धा सरांनी जुन्या लेटरहेडवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहायला मला आठ दिवस बसवलं होतं. त्याच्याही आधीपासून मी एक अर्ज करून राहिलो होतो. अर्ज साधा होता. प्रयोगशाळेतलं अ‍ॅसिड लाकडी फळीवर ठेवलंय, फळी खालून जळून काळी पडलीय, एखाद्या दिवशी डब्या-बाटल्यांसकट खाली येईल, तरी एक लोखंडी कपाट मिळावं. जुन्या जिल्ह्यातून उत्तर आलं की, आता तुम्ही आमचे नाहीत. नव्या जिल्ह्यातून उत्तर आलं की, आधीचे कागद जुन्या जिल्ह्यातून आणा. मी म्हटलं, ठीक आहे, फळीला तरी कुठं घाई आहे?

पण खोटं कशाला बोलू, कपाट आलं. आणि काय कपाट होतं हो! पिवळंधमक. दुहेरी पत्र्याचं. खाली हवेला जाळी, वर हवेला जाळी, म्हणजे वाफ आत कोंडायला नको. प्रत्येक कप्प्याला काठ असलेला ट्रे, म्हणजे एखादी बाटली फुटलीच तर अ‍ॅसिड ट्रेमध्ये राहावं, माणसाच्या पायावर येऊ नये. दाराला तीन ठिकाणी अडकणारं कुलूप आणि दोन किल्ल्या. एक किल्ली प्रयोगशाळेत राहावी, दुसरी प्राचार्यांकडे, असं सोबतच्या कागदात लिहिलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला. मला आपलं वाटलं, आपण आता सुधारलो.

अण्णांच्या हस्ते फीत कापली. नारळ फोडला. नारळाचं पाणी कपाटावर शिंपडलं, ते मी पुसून घेतलं. मग सरांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "रेवणसिद्ध, एवढं देखणं कपाट लॅबमध्ये? बघायला कोण येणार तिथं?"

बरोबरच आहे. अ‍ॅसिडला काय, कपाटाचं कौतुक आहे होय? कपाट त्याच दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेलं आणि दोन्ही किल्ल्या सरांच्या खिशात गेल्या.

सरांनी त्या कपाटाचा एकही गुण वाया जाऊ दिला नाही, हे मला आज सगळ्यांसमोर सांगायचंय. पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली आत ठेवल्या. वरखाली हवा खेळती असल्यामुळं शालींना कुबट वास आला नाही. ट्रेला काठ असल्यामुळं नारळ गडगडले नाहीत. ज्या कोणी ते कपाट बनवलं असेल, त्याला नारळाचं सुचलंही नसेल. आणि अ‍ॅसिड? अ‍ॅसिड होतं ना आपलं, फळीवर. फळी मोडल्यावर फरशीवर. कुठं पळून चाललंय ते?

आता मला वाटलं, तपासणीला कोणी आलं तर काय? तर त्याचीही सोय सरांनी केली. आपल्या कॉलेजची ही खास रीत आहे, दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. तपासणीच्या दिवशी सकाळी चार शिपाई कपाट उचलून लॅबमध्ये आणणार. मी अ‍ॅसिड आत मांडणार. डब्यांवरची छापील लेबलं अ‍ॅसिडच्या ओघळांनी कधीच खाल्लेली, म्हणून प्रत्येक डब्याच्या गळ्यात सुतळीनं लेबल बांधणार, लाल अक्षरांत, 'धोका'. साहेब येणार, बघणार, शेरा लिहिणार. साहेबांना ग्रंथालय दाखवायला नेणार. आपलं ग्रंथालय पाहायला वीस मिनिटं लागतात, हे आमचं मोजलेलं आहे. तेवढ्यात कपाट परत केबिनमध्ये. लेबलंसुद्धा सोडून घ्यायची आणि पाकिटात ठेवायची. का? तर पुढच्या तपासणीपर्यंत मळू नयेत म्हणून. सर स्वच्छतेचे किती भोक्ते, ते चौघांपैकी एका वक्त्यानं सांगितलंच.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी नोंदवहीत लिहायचो, 'सर्व आम्ले सुरक्षित कपाटात, कुलूपबंद.' खाली सही, रे. हुडगे. दोन वर्षं. माझं अक्षर बरं आहे, त्यामुळं वाचणाऱ्याला त्रास झाला नाही.

मग हा दुष्काळ आला. विहीर आटली, नळाला आठवड्यातून एकदा फुरफुर आवाज यायचा, तोही गेला. टँकर आला की कॉलेजच्या वाट्याला सहा-सात डबे पाणी. डबे कुठले? तर अ‍ॅसिडचे रिकामे झालेले निळे डबे, पाच-पाच लिटरचे. दुष्काळात चांगला डबा कोण फेकून देतं? सात-सात वेळा मातीनं घासून, धुऊन ते पाण्याला घेतले. मीच धुतले. लेबलं खरवडून काढली. आणि ते पाणी चोरीला जाऊ नये म्हणून सरांनी शाली बाजूला सरकवल्या आणि पाण्याचे डबे अ‍ॅसिडच्या कपाटात कुलपात ठेवले.

म्हणजे बघा, अ‍ॅसिड उघड्यावर आणि पाणी कुलपात. साहेब, आपण हसलात, बरं वाटलं. आम्हीही तेव्हा हसलो होतो.

आता धुरपताबाईंची ओळख करून देतो. मागं दाराच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून उभ्या आहेत त्या. मावशी, हात नका वर करू, राहू द्या. धुरपताबाई आपल्या कॉलेजात अठरा वर्षं झाडलोट करतात, पाणी भरतात. कॉलेज पत्र्याचं होतं तेव्हापासून.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेच्या केंद्रासाठी तपासणी आली. तपासणीला कोण आले होते? आजचे प्रमुख पाहुणेच. साहेब, आपल्याला आठवत असेल. शेरा फार सुंदर लिहिलात, 'धोकादायक रसायनांची साठवण आदर्श.' तो आम्ही चौकट करून लावलाय.

तर त्या सकाळी कपाटातलं पाणी व्हरांड्यात निघालं, कपाट लॅबमध्ये आलं, अ‍ॅसिडचे चार डबे आत गेले. शेरा झाला. आपण ग्रंथालयाकडं गेलात. मी भराभर लेबलं सोडली. दोन डबे उचलून लॅबच्या कोपऱ्यात ठेवले. परत आलो, तिसरा काढला. तेवढ्यात सरांची हाक आली, "रेवणसिद्ध, हार! पाहुण्यांचा हार राहिला की!" मी तिसरा डबा खाली ठेवला आणि हारासाठी पळालो.

चौथा डबा कपाटात राहिला. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही.

शिपायांनी रिवाजाप्रमाणं कपाट केबिनमध्ये नेलं. व्हरांड्यातले पाण्याचे डबे त्या चौथ्या डब्याशेजारी आत लावले. सगळे डबे निळे, सगळे सारखे, लेबल कुणालाच नाही. कुलूप लागलं. किल्ली सरांकडं गेली.

अण्णा, त्यानंतर आपण केबिनमध्ये येऊन बसलात. साहेबही बसले. आणि आपण म्हणालात, "जरा पाणी पाजा हो कुणीतरी, घसा लई कोरडा पडलाय." सरांनी धुरपताबाईंना हाक मारली, खिशातली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "माठ भरा आणि पाहुण्यांना द्या." किल्ली देताना मी बघितलं. मी दारात हार घेऊन उभा होतो.

मावशींनी हाताला आला तो डबा काढला. तो अर्धाच भरलेला होता. पण गंधकाचं अ‍ॅसिड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, म्हणून अर्धा डबा हाताला भरलेल्या पाण्याच्या डब्याएवढाच लागला. त्यांना कळणार कसं? अकरावीच्या पोराला मी हे वर्षभर शिकवतो, त्यालाही कळलं नसतं. माठात तळाला दोन बोटं पाणी होतं. त्यावर त्यांनी डबा उपडा केला. पाण्यावर एकदम एवढं अ‍ॅसिड पडलं की काय होतं, ते आमच्या लॅबच्या भिंतीवर लिहिलंय. लॅबच्या भिंतीवर. सरांच्या केबिनमध्ये नाही.

उकळी फुटल्यासारखं सगळं वर आलं. माठ तडकला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पदर तोंडावर आला म्हणून डोळे वाचले. ती किंकाळी मी अजून ऐकतो हो. मी हार टाकला आणि कपाटातलं पाणी एक-एक डबा, आधी चार थेंब फरशीवर टाकून बघून, त्यांच्या हातावर ओतत सुटलो. दुसरा डबा संपला, तिसरा उघडला, तेव्हा मागून सरांचा आवाज आला, "अरे बेतानं! पिण्याचं आहे ते!"

सर, मी मोठ्या मनानं असं धरतो की तुम्ही घाबरला होता.

अण्णांनी स्वतःची जीप दिली, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायला. हे उपकार मी विसरणार नाही. दोन महिने मावशी तिथं होत्या. हात राहिला, पण बोटं मिटत नाहीत. झाडूचा दांडा धरता येत नाही.

आणि मग सरांनी अहवाल लिहिला. सरांची भाषा म्हणजे काय सांगावं! 'सर्व' एवढा एक शब्द सोडला, तर एकही वाक्य खोटं नाही. 'सर्व आम्ले नियमानुसार सुरक्षित कपाटात कुलूपबंद होती. सदर सफाई कामगार स्त्रीने आम्लाचे कपाट उघडून त्यातील डबा बेजबाबदारपणे बाहेर काढला.' झालं. सोबत पुरावा म्हणून माझी नोंदवही जोडली. दोन वर्षांत माझ्या त्या नोंदवहीतलं वाक्य तपासणी आटोपल्यावरही खरं राहिलं ते एकाच दिवशी, आणि नेमकं त्याच दिवशी. अ‍ॅसिड खरंच कपाटात होतं, कुलपात होतं, आणि मावशींनी खरंच ते कुलूप उघडलं. आता बोला!

परवा सोमवारी चौकशी आहे. चौकशीत ठरायचंय ते एवढंच, की धुरपताबाईंना कामावरून काढायचं की नाही. आणि कागद बघून कुणीही शहाणा माणूस म्हणेल, काढा. चूक त्यांचीच आहे. आम्लाचं कपाट कशाला उघडलं?

मी नांदेडला भेटायला गेलो होतो. हात पांढऱ्या फडक्यात बांधलेला. मला वाटलं, बाई शिव्या घालील, रडेल. तर म्हणाली, "दादा, म्या कुलूप तोडलं न्हाई. सरांनी किल्ली देल्ती. एवढं सांगा की कुनाला तरी." मी म्हटलं, "हाव, सांगतो." आणि एसटीत बसून घरी आलो आणि गप्प बसलो. तीन महिने झाले. का? तर माझीही नोकरी आहे, नोंदवहीत माझ्या सह्या आहेत आणि चौथा डबा मीच ठेवला होता. सरांना मी एवढा वेळ टोमणे मारून राहिलो, पण खरं तर त्या कपाटाइतकाच मीही बाहेरून पिवळाधमक होतो. लाज वाटते मला, आणि ती मी आज सगळ्यांदेखत सांगतो.

तर काल मी चौकशी अधिकाऱ्यांच्या नावानं एक कागद लिहिला. नोंदवही दोन वर्षं खोटी आहे, तपासणीपुरतं कपाट लॅबमध्ये यायचं, चौथा डबा माझ्याकडून राहिला, असं सगळं लिहिलं. खाली सही, रे. हुडगे. या वेळी मजकूर पानाच्या कडेपर्यंत दाटला, वाचणाऱ्याला त्रास होईल. पण माझ्या एकट्याच्या कागदावर काय होणार? सहायकाचं आणि झाडूवालीचं संगनमत म्हणतील. एक वाक्य सरांचं पाहिजे. 'कपाटात पिण्याचं पाणी माझ्या सांगण्यावरून ठेवलं जात होतं आणि किल्ली मीच दिली.' बस, एवढंच.

आज एकतीस मे. पाच वाजता सर प्राचार्य राहणार नाहीत. पाचनंतर सरांचं वाक्य म्हणजे एका निवृत्त गृहस्थाचं मत. आता पाचला वीस कमी आहेत.

अण्णा, दोन शब्दांचे जास्त झाले, मला कळतंय. बेल नका वाजवू. एकच सांगू द्या. त्या दिवशी माठ फुटला नसता, अ‍ॅसिड मावशींच्या हातावर न उडता गुपचूप पेल्यात आलं असतं, तर पहिला पेला कुणाला मिळाला असता? पाणी कुणी मागितलं होतं? दुसरा पेला कुणाला? साहेब, खाली बघू नका. मी आरोप करत नाही. ज्या बाईच्या हाताच्या बदल्यात तुमचे घसे शाबूत राहिले, तिला सोमवारी काढायचंय, एवढं फक्त लक्षात आणून देतोय.

तुमच्यासमोर आत्ता जे पेले ठेवलेत, ते सकाळी मावशींनीच भरलेत. डाव्या हातानं. वेळ लागला. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, आम्ही भरतो." तर म्हणाल्या, "सरांचा शेवटचा दिस हाय, भरते की." मघापासून बघतोय, व्यासपीठावर एकानंही पेल्याला हात लावलेला नाही. एवढ्या उन्हात! घ्या, अण्णा. भ्यायचं कारण नाही. प्रत्येक पेल्यातला घोट मी आधी पिऊन बघितलाय. उष्टं झालं असेल तर तेवढी तसदी माफ करा.

हां. घेतलंत. आभारी आहे, अण्णा.

आता भेट. प्राध्यापकांनी सरांना घड्याळ दिलं, पालकांनी शाल दिली. आम्ही शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी मिळून एक पेन आणलंय. शाई भरलेली आहे, मी चालवून पाहिलंय. आणि सोबत कॉलेजच्या लेटरहेडचा एक कोरा कागद. कोराच आणलाय, सर. लिहून आणला असता, पण अहवाल तुमच्या अक्षरात आहे, तर हेही तुमच्याच अक्षरात शोभेल. वहिनी, तेवढी फुलं जरा बाजूला घेता का? टेबलावर जागा करून द्या. असू दे, असू दे, हार गळ्यात असला तरी लिहिता येतं.

मी समारोप करतो. अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, साहेबांनी ऐकून घेतलं, सूत्रसंचालन करणाऱ्या घोणसे सरांनी माईक काढून घेतला नाही, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. मंडपवाल्याचे, पेढेवाल्याचे आणि टँकर घेऊन येणाऱ्या लिंबाजीचेही आभार. बोलण्याच्या भरात मोठ्या माणसांना उणंअधिक बोललो असेन, तर लहान समजून सोडून द्या. ही माफी व्यासपीठासाठी झाली. दुसरी माफी मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईची. मावशी, तीन महिने उशीर केला. पदरात घ्या.

काय म्हणालात, सर? जरा मोठ्यानं. पूर्ण नाव?

तिचं पूर्ण नाव हवंय. अहवालात 'सदर स्त्री' लिहिलं होतं, त्यामुळं तेव्हा लागलं नाही. अठरा वर्षं तिच्या हजेरीवर तुमची सही आहे, सर, पण असू दे, गडबडीत राहून जातं.

लिहा. धुरपताबाई नरसिंग गायसमुद्रे. सावकाश लिहा, सर. अजून पंधरा मिनिटं आहेत.